निकम हवालदाराचा होल्ड

एका वस्तूला एकच नाव असावं आणि एका नावानं एकच काम करावं, अशी हवालदार हणमंत निकमची ठाम समजूत होती. ती त्याला फौजेनं दिली होती. बोल्टला बोल्ट म्हणायचं, मॅगझिनला मॅगझिन. रायफलीचा कुठलाही पुर्जा आज एका नावानं आणि उद्या दुसऱ्या नावानं हिंडत नाही. आजवर त्यानं शेकडो रंगरूटांना हे पुर्जे डोळे बांधून जोडायला शिकवले होते. त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका रविवारी त्याच्या मुलीनं, लतानं, डिक्शनरीतल्या ‘होल्ड’ या शब्दावर बोट ठेवून याचे एकतीस अर्थ आहेत असं सांगितलं, तेव्हा पोरगी आपली फिरकी घेतेय असंच त्याला वाटलं.

त्यानं डिक्शनरी स्वतःच्या हातात घेतली आणि एकेक आकडा बोटानं मोजला. एकतीस भरले. मग त्यानं असा चेहरा केला, जणू परेडला कुणी बिनबटणाचा शर्ट घालून आलं असावं.

हे इंग्रजीचं दुखणं त्यानं काही हौसेनं लावून घेतलं नव्हतं. साल होतं १९८५. येत्या मे महिन्याच्या अखेरीला त्याची नोकरीची चोवीस वर्षं भरत होती. त्याआधी नायब सुभेदार झाला तर नोकरी निदान दोन वर्षं पुढे चालणार. नाही झाला तर पेन्शन घ्यायची, ट्रंका बांधायच्या आणि जयपूर सोडून खटाव तालुक्यातलं आपलं गाव गाठायचं. बढतीला लागणारं बाकी सगळं त्याच्यापाशी होतं. अंगात दम होता, निशाणा पक्का होता, आणि सेवापुस्तकात लाल शाईची एकही नोंद नव्हती. गाडं अडलं होतं ते फौजेच्या शिक्षण-परीक्षेतल्या इंग्रजीच्या पेपरापाशी. त्यात तो दोनदा आपटला होता आणि फेब्रुवारीतली परीक्षा ही शेवटची संधी होती.

त्याचं एकट्याचं असतं तर तो आनंदानं गावी गेला असता. घर होतं, चार एकर होतं, म्हशीची हौस होती. खरा प्रश्न लताचा होता. ती अकरावीत होती. बापाच्या बदल्यांमागे तिनं पाच गावच्या शाळा केल्या, त्या सगळ्या हिंदी-इंग्रजीतून. मराठी तिला आईशी बोलण्यापुरतं येई, आणि तेही मध्ये ‘मतलब’ घातल्याशिवाय पुढे सरकत नसे. ऐन बारावीच्या वर्षी तिला गावच्या शाळेत मराठीतून इतिहास-भूगोल लिहायला बसवायचं म्हणजे पोरीचं वर्ष पाण्यात घालायचं. तिला फक्त एक वर्ष इथं हवं होतं. हे तिनं बापाला एकदाच सांगितलं, पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही, आणि बापाच्या मनाला तेच जास्त लागलं होतं.

तेव्हा बापाला इंग्रजी शिकवण्याचं काम लतानं आपल्या अंगावर घेतलं. जवाहर नगरात वरच्या मजल्यावर त्यांची भाड्याची खोली होती आणि खोलीपुढे गच्ची. थंडीच्या उन्हात तिथं सतरंजी पडायची. लता शिक्षिका म्हणून फार कडक निघाली. चूक झाली की ती रागवत नसे. नुसता आकडा सांगे. “आज चौदा, पप्पा.” रंगरूटांना घाम फोडणारा हवालदार त्या आकड्यानं एवढासा होई.

बाकीचे शब्द हळूहळू वळणावर येत होते, पण होल्डनं त्याचं डोकं फिरवलं. हातात धरणं म्हणजे होल्ड, हे तो समजू शकत होता. गोळी झाडताना श्वास रोखणं म्हणजे होल्ड, हेही त्यानं मान्य केलं, कारण ते त्यानं स्वतः केलेलं होतं. चौकी सोडायची नाही, हा तर त्याच्या घरचाच अर्थ. पण बरणीत दोन लिटर तेल मावतं तेव्हा बरणी ते होल्ड करते. सभा भरते तेव्हाही ती होल्ड होते. एखाद्याचं एखादं मत असतं ते तो होल्ड करतो. टेलिफोनवरची बाई होल्ड करा म्हणते तेव्हा आपण काहीच करायचं नसतं. आणि हवा चांगली राहिली तरी ती होल्ड झाली म्हणायचं, हे ऐकल्यावर त्यानं पेन्सिल खाली ठेवली.

“हवा कोन धरतंय?” त्यानं विचारलं.

लता म्हणाली की कुणी धरत नाही, असं फक्त म्हणतात. हणमंतनं तिला बजावलं की फौजेत असं नुसतं म्हटलेलं चालत नाही. ज्या शब्दाला स्वतःचं एक ठरलेलं काम नाही, तो शब्द शिस्तीतला नव्हे. आणि असल्या बेशिस्त माणसांच्या भाषेवर आपली बढती अडकावी, याचा त्याला मनस्वी संताप आला.

त्याची बायको गिरिजा शेजारी बसून मेथी निवडत होती. तिला इंग्रजीचा गंध नव्हता, पण नवरा चुकीच्या जागी तापलाय हे तिला बरोबर कळत असे.

“अवो, काल तुमी माझ्याशी अबोला धरला,” ती मेथीवरची नजर न काढता म्हणाली. “परवा चतुर्थीचा उपास धरला. पोरीनं सायकलीचा हट्ट धरला, तवा तुमी राग धरला. गावाकडं पावसानं जोर धरला का म्हून पत्रात इचारता. ह्यातलं हातात काय धरलं हुतं तुमी?”

जन्मभर हणमंत मराठीला सरळ चालीची बाई समजत होता. लता मात्र हसून लोटपोट झाली आणि अबोला धरला मतलब काय, ते आईला विचारत बसली.

त्या दिवसापासून हणमंतनं होल्डचा बीमोड करायचा निश्चय केला. आपल्या पाठीमागे न जिंकलेली चौकी ठेवून पुढे सरकू नये, हे त्याच्या रक्तात होतं. त्यानं एकतीस अर्थांना एकतीस नंबर दिले, प्रत्येक नंबराला लताकडून एक वाक्य करून घेतलं, आणि रोज पहाटे गच्चीवर फेऱ्या मारत त्यांची कवायत सुरू केली. होल्ड नंबर एक, द सोल्जर होल्ड्स द रायफल. डावीकडून पीछे मूड. होल्ड नंबर दोन. खालच्या मजल्यावरचे मालक शर्माजी एकदा विचारायला वर आले, की हवालदारसाहेब कुठल्या देवाचं स्तोत्र म्हणतात, फार आवडलं.

लतानं डोक्याला हात लावला. पेपरात हा एकच शब्द येणार नाहीये, बाकी व्याकरण आहे, निबंध आहे, शेवटी तोंडी परीक्षा आहे, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तो “व्हय व्हय” म्हणे आणि पुन्हा नंबर सतराला लागे. निबंध त्यानं तीन पाठ केले, ‘माझे गाव’, ‘शिस्त’ आणि ‘गाय’. याखेरीज चौथा विषय आला तर काय, हा विचार तो करत नसे. फेब्रुवारी उजाडला तेव्हा सबंध जयपूर छावणीत होल्ड या शब्दावर त्याच्याइतका पक्का माणूस दुसरा नसेल. बाकीच्या इंग्रजीबद्दल काही न बोललेलं बरं.

परीक्षा साडेनवाला होती. हणमंत साडेआठलाच हॉलच्या पायऱ्यांपाशी येऊन उभा राहिला. कडक इस्त्री, चकाकते बूट, खिशात दोन पेनं. हळूहळू आणखी पंचवीस परीक्षार्थी जमले. नवाच्या सुमाराला शिक्षण खात्याचे कॅप्टनसाहेब जीपमधून उतरले. तरुण माणूस, डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल. काखेत हजेरीचं रजिस्टर, एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात लाखेची पाच सीलं मारलेला प्रश्नपत्रिकांचा मोठा लखोटा. तेवढ्यात ऑफिसातून एक शिपाई धावत आला आणि त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला. कॅप्टनसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. रजिस्टर आणि थर्मास त्यांनी जीपमध्ये टाकले, लखोटा सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिला, “होल्ड धिस, आय विल बी बॅक इन टू मिनिट्स,” असं म्हणाले आणि जीप घेऊन गेलेसुद्धा.

सगळ्यात जवळचा माणूस अर्थातच हणमंत होता.

त्याला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. एका अधिकाऱ्याचं अख्खं इंग्रजी वाक्य मनात भाषांतर न करता समजण्याची त्याच्या आयुष्यातली ही पहिली वेळ. होल्ड नंबर एक. त्यानं लखोटा दोन्ही हातांनी छातीशी धरला, टाचा जुळवल्या आणि दोन मिनिटं उभं राहण्याच्या तयारीला लागला.

दोन मिनिटांची वीस झाली, साडेनऊ वाजले, पावणेदहा झाले. देखरेखीवरचे सुभेदार आप्पासाहेब हॉलचं दार उघडून बाहेर आले. ते कोल्हापूरकडचे, हणमंतला धाकट्या भावासारखं मानणारे. त्यांनी लखोट्यासाठी हात पुढे केला आणि मुलं खोळंबलीत, आण इकडं, असं म्हणाले.

“साहेब, ह्यो मला कॅप्टनसायबांनी दिलाय,” हणमंत म्हणाला. “त्येंनीच न्यायचा.”

आप्पासाहेबांना आधी हा विनोद वाटला. मग त्यांनी समजूत घातली, मग गावाकडच्या नात्याची आठवण दिली, मग आवाज चढवला. हणमंत ढिम्म हलेना. त्याचं म्हणणं साधं होतं आणि आप्पासाहेबांनाही रंगरूट असताना शिकवलेलं होतं: ज्यानं पहाऱ्यावर उभं केलं, त्यानं उतरवलं तरच पहारा सुटतो. लखोटा काही कॅप्टनसाहेबांनी आप्पासाहेबांना द्या म्हणून दिला नव्हता. धर म्हणून दिला होता. धरला होता.

ओढून घ्यावा म्हटलं तर तेही जमेना. लाखेचं एक सील जरी तडकलं, तरी पेपर फुटला असं धरून सगळ्या सव्वीस जणांची परीक्षा रद्द होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे हणमंतच्या अंगाला कुणी बोट लावायला धजेना. परीक्षार्थींत दोन तट पडले. ज्यांचा अभ्यास झाला होता ते हणमंतला शिव्या देऊ लागले, आणि ज्यांचा झाला नव्हता ते त्याच्या कर्तव्यनिष्ठेची भरभरून स्तुती करत पायरीवर बसून वह्या चाळू लागले. दुसऱ्या तटातल्या दशरथ नावाच्या एका नाईकानं त्याच्यासाठी कँटीनमधून चहा आणला. हणमंतचे हात गुंतलेले, म्हणून दशरथनंच तो त्याला बशीनं पाजला.

तो चहा ही मोठी चूक ठरली. साडेदहा वाजता हणमंतला लघवीला जाण्याची निकड भासू लागली. त्यानं विचार केला. लखोटा कुणाकडे देऊन जाता येत नाही. आणि लखोटा घेऊन आत गेलं, कडी लावली, तर आत काय केलं याला साक्षीदार कोण? त्यानं जाण्याचा विचार सोडून दिला. एकतीस अर्थांपैकी हा कितवा, हे त्याला त्या क्षणी आठवेना, पण डिक्शनरीत तो असणार याची त्याला खात्री पटली.

अकराला मेजरसाहेब आले. अजून परीक्षा सुरू नाही, हे त्यांच्या कानावर गेलं होतं आणि ते तापूनच आले होते. हणमंतचे दोन्ही हात लखोट्याला, त्यामुळे त्याला सलाम ठोकता येईना. तो नुसता सावधानमध्ये खाडकन उभा राहिला. मेजरसाहेबांनी लखोटा मागितला. हणमंतनं हिंदीत अर्ज केला की ही कॅप्टनसाहेबांची अमानत आहे. त्यांची चिठ्ठी यावी किंवा फोनवर त्यांचा शब्द यावा, तत्काळ देतो.

आपण कुणाशी बोलतोय हे समजतंय का, असं मेजरसाहेबांनी अगदी हळू आवाजात विचारलं. हणमंत “जी साहब” म्हणाला. त्याला सगळं समजत होतं. हुकूम मोडला म्हणून लाल शाईची नोंद, नोंद झाली की बढती संपली, बढती संपली की लताचं वर्ष गेलं. त्याचे पाय थरथरत होते. पण हात काही केल्या सुटत नव्हते, आणि त्याला स्वतःलाही ते सोडवता आले असते असं वाटत नाही.

शेवटी मेजरसाहेब फोनकडे वळले. फोन पलीकडच्या ऑफिसात. म्हणून हणमंतला मध्ये घालून, पुढे मेजरसाहेब, बाजूला आप्पासाहेब आणि मागे पंचवीस परीक्षार्थी, अशी ती वरात मैदान ओलांडून निघाली. तीन ठिकाणी फोन फिरवल्यावर कॅप्टनसाहेब लष्करी इस्पितळात सापडले. त्यांची बायको अडली होती. पावणेअकराला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या, आणि लखोट्याची आठवण त्यांना फोनवर आवाज ऐकल्यावर झाली. मेजरसाहेबांनी रिसीव्हर हणमंतच्या कानाला लावला. कॅप्टनसाहेब म्हणाले, निकम, साहेबांना देऊन टाक.

हणमंतनं लखोटा दिला. मग खिशातून पेन काढलं, टेबलावरचा एक कागद पुढे सरकवला आणि मेजरसाहेबांना अदबीनं विनंती केली की पाचही सीलं शाबूत मिळाली अशी पोच लिहून मिळावी. ऑफिसातला पंखासुद्धा क्षणभर थांबला असं नंतर दशरथ सगळ्यांना सांगत असे. मेजरसाहेबांनी सही केली. हणमंतनं सलाम ठोकला, उजवीकडे वळला, दारापर्यंत शिस्तीत चालला आणि तिथून जो पळाला तो थेट मुतारीत.

मोकळा होऊन तो हॉलपाशी आला तेव्हा पेपर वाटायला सुरुवात झाली होती. आप्पासाहेबांनी त्याला दारातच अडवलं.

“निकम, तुला बसता येत न्हाई,” ते म्हणाले. “ज्या परीक्षार्थीच्या हातात पेपर आधी हुता, त्याला त्या पेपराला बसवत न्हाईत. नेमच हाय. मेजरसायबांनी वाचून दाखवला.”

हणमंतच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. लाल शाई आली होती, मेजरसाहेबांचा राग आला होता, पण सीलबंद पेपर अडीच तास छातीशी धरणारा माणूस स्वतःही परीक्षार्थी आहे, हे त्या गडबडीत तो साफ विसरला होता. दार लागलं. तो पायरीवर बसला. आतून पेनांची कुरकुर ऐकू येत होती आणि त्याला रडू येत होतं. चार महिने पोरीनं आपला अभ्यास सोडून याच्यापुढे डिक्शनरी धरली, आणि यानं काय केलं तर एक पाकीट धरलं. घरी काय सांगायचं, हे त्याला काही केल्या सुचेना.

दुपारी कॅप्टनसाहेब मिठाईचा पुडा घेऊन इस्पितळातून परतले, त्यांना झाला प्रकार कळला, आणि ते पुडा तसाच टाकून मेजरसाहेबांच्या खोलीत शिरले. बराच वेळ आतून त्यांचाच आवाज येत होता. मग हणमंतला आत बोलावणं आलं. मेजरसाहेबांनी निकाल सांगितला. कॅप्टनच्या चुकीची शिक्षा हवालदाराला देता येत नाही. लेखी पेपर याला मिळणार नाही, त्याऐवजी सगळी परीक्षा तोंडी, आत्ता, इथं, आणि घेणार ते स्वतः. शंभरातले चाळीस पडले तर पास.

कुणा अधिकाऱ्याशी हणमंत इंग्रजीत कधी एक वाक्य बोलला नव्हता. मेजरसाहेबांनी पहिला प्रश्न टाकला, लखोटा मला का दिला नाहीस? हणमंत हिंदीत बोलायला गेला. मेजरसाहेब म्हणाले, इंग्रजीत.

त्यानं तोंड उघडलं आणि सवयीनं ‘माझे गाव’ सुरू केलं. माय व्हिलेज इज अ स्मॉल व्हिलेज. मेजरसाहेबांनी हात वर केला. तुझं गाव मी विचारलं नाही. मग त्याच्या ओठांवर बरणी आली, दोन लिटरची, तीही त्यानं गिळली. एकतीसच्या एकतीस वाक्यं त्याच्या डोळ्यांपुढून ओळीनं निघून गेली आणि त्यातलं एकही त्याच्या कामाचं नव्हतं. मग त्यानं पाठांतर सोडलं आणि जे होतं ते बोलला.

“सर, यू बिग ऑफिसर. कॅप्टनसाहिब स्मॉल ऑफिसर. बट पॅकेट ही गिव्ह, यू नॉट गिव्ह. आय गिव्ह यू, देन ही कम, ही आस्क, निकम, व्हेअर? व्हॉट फेस आय शो?”

आणि माझा हुकूम, त्याची भीती नाही वाटली, असं मेजरसाहेबांनी विचारलं.

“फुल फिअर, सर. लेग शेकिंग. हँड नॉट शेकिंग.”

कोपऱ्यात उभे असलेले कॅप्टनसाहेब खिडकीबाहेर बघू लागले. मेजरसाहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्यांनी ते आवरलं. लखोटा धरला तर तुलाच परीक्षेला बसता येणार नाही, हे तुला ठाऊक होतं का, असं त्यांनी विचारलं. ठाऊक होतं म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं, हे हणमंतला कळत होतं.

“नो, सर. दॅट आय नॉट नो.”

मेजरसाहेबांनी पेन खाली ठेवलं. आणि ठाऊक असतं तर?

हणमंत खरोखर विचार करत होता. त्याला गच्ची दिसली, सतरंजी दिसली, डिक्शनरीवर वाकलेलं पोरीचं डोकं दिसलं.

“सर, माय डॉटर इलेव्हन क्लास,” तो म्हणाला. “शी वाँट वन इयर, जयपूर. ओन्ली वन. आय नो बिफोर, देन आय थिंक लाँग, सर. व्हेरी लाँग.” त्यानं पुन्हा टाचा जुळवल्या. “देन आल्सो आय नॉट गिव्ह. बट आय क्राय.”

मेजरसाहेबांनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं. पाच मिनिटांनी कॅप्टनसाहेब बाहेर आले. त्यांच्या हातातल्या कागदावर त्रेचाळीस आकडा होता. त्यांनी हणमंतच्या तोंडात स्वतःच्या हातानं बालूशाही घातली, आणि हणमंतनं ती चावायचंही विसरून सलाम ठोकला.

तो बसऐवजी चालतच जवाहर नगरला आला. दिवेलागणीच्या सुमाराला जिना चढून वर आला तेव्हा दोघी दारातच उभ्या होत्या. त्यानं त्रेचाळीस एवढंच सांगितलं. गिरिजानं डोळ्याला पदर लावला. लतानं मात्र काय विचारलं, काय बोललात, सगळं शब्दाला शब्द सांगा, असा आग्रह धरला. आणि त्यानं सांगितलं. शेवटचं वाक्य तेवढं त्यानं गाळलं. ऐकता ऐकता तिची बोटं आपसूक चुका मोजत होती. दोन्ही हातांची बोटं संपली.

“पप्पा, सब गलत. एकही टेन्स बरोबर नाही,” ती म्हणाली, आणि बापाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. हणमंत तिच्या पाठीवर थोपटत राहिला. आपल्यावर पोरीचा एवढा विश्वास होता, आणि तो आपण राखला, या विचारानं त्याचं मन भरून आलं.

लता तोंड धुवायला गेली तेव्हा गिरिजानं अंथरुणांच्या घडीतून एक शंभर पानी वही काढली आणि त्याच्या हातात दिली. ती म्हणाली की पोरगी चार महिने रोज दुपारी, तुम्ही ड्युटीवर असताना, माझ्यापाशी बसून मराठी लिहायला शिकत होती. तुम्ही नापास झालात तर तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. सांगू नको म्हणाली होती, पण आता काय.

हणमंतनं वही उघडली. पहिल्या पानावर, ठसठशीत अक्षरात, पुन्हा पुन्हा खोडून लिहिलेलं होतं: ‘माझी गाव खटाव तालुका मधे आहे. मला गाव ची शाळा मधे जायाचे आहे. मला जयपूर ची काही आठवन येनार नाही. पप्पा तुम्ही दुखी नका होऊ.’

पानभर हेच होतं, आणि पुढच्या पानावर पुन्हा तेच. पोरगी खोटं बोलायचा सराव करत होती. मोरीतून लता तोंड पुसत बाहेर आली, त्याच्या हातात वही बघितली आणि जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा उतरला.

“किती गलती आहेत, पप्पा?” तिनं विचारलं.

हणमंतनं वही मिटली.

“एक बी न्हाई,” तो म्हणाला.